कारवीच्या कुंपणातला होकार

सोमवार, ७ जुलै १९५८, सायंकाळी पावणेसात. मुळशीच्या घाटमाथ्यावरील एका वाडीत, विधवा धोंडाबाईंच्या कारवीच्या कुंपणासमोर त्रेसष्ट माणसे चिखलात पाय बदलत उभी होती. कुंपणातून ‘टिक् टिक्’ असा आवाज येई. पाऊल जवळ पडताच थांबे. आत कोणी दिसत नसे, म्हणून वाडीने ते भूत ठरवले होते. मी घाटरस्त्याच्या कामावरचा ओव्हरसियर. गलबला ऐकून तेथे गेलो होतो.

नथू भगताने काठी दगडावर आपटली. “बोल! धोंडीनं पाळलंय तुला?” खट्!

“टिक्!”

“ऐकलं? व्हय म्हनतंय! आजच हिला वाडीभाईर काडा, न्हाईतर वाडीत एक पोर उरायचं न्हाई!”

धोंडाबाई दारात बसल्या होत्या. “काडा की. पन ह्या पावसात जाऊ कुटं, त्ये बी त्यालाच इचारा.”

मी नथूला म्हणालो, “तोच प्रश्न काठी न आपटता विचारा.”

“भुताची परीक्षा घेताय, सायेब?”

“प्रश्नाची घेतो.”

त्याने विचारले. कुंपण गप्प. ओरडून विचारले. तरी गप्पच.

मी गर्दीतल्या म्हाताऱ्या गोजराबाईंच्या हाती दोन खडे दिले. “आजी, आता तुम्ही विचारा, आणि खडे एकमेकांवर आपटा.”

म्हातारीने डोळे बारीक केले. “ह्यो नथ्याच चेटक्या हाय का रं?” खट्!

“टिक्!”

हशा उसळला. दोघे-तिघे नथूच्या अंगावर सरकले. मी आडवा झालो. “थांबा! हेही खोटेच. ते खड्यांना ओ देते, प्रश्नाला नाही.”

कंदील धरून पाने उलटली. अंगठ्याच्या नखाएवढा बेडूक गळ्याचा फुगा फुगवून बसला होता. ‘खट्’ ऐकताच त्याला दुसरा नर आल्याचा भास होई, आणि तो ‘टिक्’ करून त्याला दटावी.

कारभारी कोंडीबा मात्र हटेना. “हितं डबकं न्हाई, वहाळ न्हाई. पान्याबिगर बेडूक?”

शंका रास्त होती. मी मुळाशी कुजलेला पाचोळा उचलला. ओल्या पानाखाली काचमण्यांसारखी अंडी होती, आणि प्रत्येकात चार पायांचा इवला बेडूक वळवळत होता. या जातीची पिल्ले शेपटी घेऊन पाण्यात पोहत नाहीत. ती अवस्था अंड्यातच सरते. त्यांना धुके आणि ओला पाचोळा पुरतो. वाडीने आपला पाचोळा भाताच्या राबासाठी, म्हणजे रोपांची जमीन भाजायला, जाळला होता. धोंडाबाईंना शेतच नव्हते. त्यांचा पाचोळा उरला, म्हणून बेडूकही उरला.

उत्तर मिळाले एवढ्यावर विसंबू नये. प्रश्न बदलावा, विचारणारा बदलावा, आणि मगच कोणाच्या घरादाराचा निवाडा करावा.

कोंडीबाने घसा खाकरला. “हिला काडायचं म्हननाऱ्यांनी हात वर करा.”

त्रेसष्ट माणसांत वर झालेले हात : शून्य.