चौथ्या कडव्यानंतर

मित्रांनो, मी एक जुनी कॅसेट आहे. माझ्या पोटातल्या तपकिरी फितीवर लोखंडाच्या ऑक्साइडचा बारीक थर आहे. गंजाचाच भाऊबंद म्हणा ना! त्या थरावर इंद्रभान यांनी रचलेली आणि गायलेली आठ गाणी आहेत. 'जोंधळ्याची राखण' हे माझं नाव.

इंद्रभान जळगाव जामोदकडचे शेतकरी. मचाणावर बसून पाखरं हाकता हाकता ते गाणी रचायचे आणि भाकरी घेऊन आलेल्या सत्यभामाबाईंना, आपल्या बायकोला, ऐकवायचे. कडवं संपलं की बाई म्हणायच्या, "हाव." म्हणजे होय, ऐकतेय, पुढे चालू द्या.

माझा जन्म शेगावच्या एका लहानशा स्टुडिओत झाला. भिंतींना सतरंज्या ठोकलेल्या होत्या. रेल्वे आली की काम थांबायचं. स्टुडिओच्या माणिकरावांनी बाईंना बाहेर बसवलं, तर पहिल्याच कडव्यानंतर इंद्रभान गप्प झाले.

"काऊन थांबले जी?" माणिकरावांनी विचारलं.

"कोनी हाव म्हनलंच नाई, तं पुढं कसा जाऊ?"

बाईंना आत आणलं. माणिकराव म्हणाले, "बाई, मनातल्या मनात म्हना."

"मनातलं ह्यायले ऐकू येत नाई," बाई म्हणाल्या. "घरी तं मोठ्यानं बोललेलंबी येत नाई!"

सात गाणी त्यांनी नुसती मान हलवली. आठव्याला मात्र राहवलं नाही. चार कडवी, चार वेळा "हाव". माणिकरावांनी कपाळाला हात लावला, पण ते तसंच राहू दिलं.

मग मी लग्नांत वाजले, ट्रॅक्टरवर वाजले, बसस्टँडवरच्या चहाच्या दुकानात वाजले. पुढे टेपरेकॉर्डर गेले आणि मी धान्याच्या कोठीवर एका डब्यात पडून राहिले. माझी भावंडं, म्हणजे याच गाण्यांच्या बाकीच्या कॅसेटी, कुठे गेली, ठाऊक नाही. सत्यभामाबाईही गेल्या. त्यांचा आवाज आता फक्त माझ्याजवळ होता.

यंदा बुलढाण्याला शिकणारी नात, अनुपमा, एक चालू टेपरेकॉर्डर घेऊन आली. तिनं आठवं गाणं मोबाईलमध्ये घेतलं, खरखर साफ केली, मोबाईलमधलं मूळ रेकॉर्डिंग पुसलं आणि साफ केलेलं आजोबांना ऐकवलं.

इंद्रभान शेवटपर्यंत ऐकत राहिले. मग म्हणाले, "काऊन वं, तुह्या आजीले कुठी ठेवलं?"

खरखरीबरोबर चारही "हाव" गेले होते. अनुपमाचा चेहरा उतरला. तिनं मला पुन्हा लावलं. पण टेपरेकॉर्डरचा रबरी रूळ चिकट झाला होता. गाणं संपत आलं आणि माझी फीत त्यात गुंडाळली गेली. तिनं हलक्या हातानं सोडवली, तरी तीन सेंटिमीटर फाटलेच. ते कापावे लागले.

मित्रांनो, माझी फीत सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर सरकते. एका "हाव"ला तीन सेंटिमीटर पुरतात.

अनुपमानं टोकं चिकटपट्टीनं जोडली, रूळ पुसला, मोबाईल जवळ ठेवला. पहिलं कडवं. "हाव." दुसरं. "हाव." तिसऱ्यानंतरही बाई बोलल्या. आजोबांची बोटं गुडघ्यावर ताल धरत होती. चौथं कडवं संपलं. एक बारीकशी टक् झाली आणि नुसती खरखर सुरू झाली.

"हाव," इंद्रभान म्हणाले.

मोबाईल चालूच होता. "आबा, तुमचा आवाज आला त्यात. पुसू का?"

"राहू दे. इतके वर्स तिनं म्हनलं. एक डाव म्या."

तुमच्या घरी माझं एखादं भावंड असेल, तर त्याला उन्हात आणि चुंबकाजवळ ठेवू नका. वाजवण्याआधी रूळ पुसा. आणि आवाज साफ करणार असाल, तर मूळ पुसण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला एकदा ऐकवा.