चौथी ओळ

तिने रक्तदात्याच्या वयापुढचे पन्नास खोडून साठ केले, तिरपी रेघ मारली आणि एंटर दाबला. रक्तपेढीच्या संगणकाला मागची क्वेरी, म्हणजे शोधाच्या अटींची यादी, पाठ असे. एखादा आकडा बदलायचा, रेघ मारायची, की तो निमूटपणे पुन्हा शोधायला लागे.

'एकही नोंद सापडली नाही.'

वरच्या मजल्यावर तिची लेक ऑपरेशनसाठी ताटकळत पडली होती. रक्तगट इतका दुर्मिळ, की आईबापाचाही जुळला नव्हता. निदान एक पिशवी हातात आल्याशिवाय सर्जन सुरी लावणार नव्हते, आणि पाचच्या पुढे थांबण्यात अर्थ नव्हता. सव्वातीन वाजले होते.

अंतर वीस किलोमीटरचे शंभर केले. रेघ. नाही. शंभरचे तीनशे. रेघ. नाही. दहा वर्षे याच खुर्चीतून तिने लोकांना 'शोधतोय, धीर धरा' असे ऐकवले होते. आज तिला तसे कुणी म्हणाले असते, तर ती अंगावर धावून गेली असती.

"ताई, अगं एकदा अख्खी क्वेरी तरी बघ," शेजारची तंत्रज्ञ म्हणाली. "मघापासून मधल्याच दोन ओळींशी झटतेयस."

तिने अख्खी क्वेरी पडद्यावर आणली. चौथी ओळ तिनेच कधीकाळी घातलेली होती: 'संपर्क नको' अशी खूण असलेले वगळा. तिने ती ओळ काढली. रेघ.

एक नोंद. वय सत्तेचाळीस, व्यवसाय शिंपी, अंतर दोन किलोमीटर.

तो बडबड्या शिंपी! दर तीन महिन्यांनी फोन करायचा, "माझी तारीख आली, बोलवताय ना?" आणि मग अर्धा तास डोके खायचा. एकदा वैतागून तिनेच ती खूण केली होती. पेढीचे निरोप थांबले, मग त्याचे फोनही. तिला मेल्याहून मेल्यासारखे झाले. तिने फोन लावला.

"रक्तपेढीतून बोलतेय."

पलीकडे शिवणयंत्र थांबले.

"मॅडम? तीन वर्षं झाली हो. मला वाटलं, माझ्या रक्तातच काही खोट निघाली. बायकोलासुद्धा बोललो नाही."

"रक्त हवंय. आत्ताच," ती म्हणाली.

"कोणत्या दारानं येऊ?"

"मागच्या. आणि खोट तुमच्या रक्तात नव्हती," ती म्हणाली. "पेशंट माझी मुलगी आहे."

पलीकडून दुकानाचे शटर खाली ओढल्याचा आवाज तेवढा आला.