हात दुखतोय का?

मार्चअखेरीस अनुप अमेरिकेहून वेल्समधल्या कार्डिफला घरी आला, तेव्हा त्याच्या बॅगेत दोन्ही ग्लोव्ह होते, खिळ्यांचे बूट होते आणि सहा वर्षं लॉकरच्या दारावर चिकटवलेला आईबाबांचा फोटोही होता. "लीव्हवर आलोय," तो म्हणाला. त्याची आई सीमा "बरं" म्हणाली आणि कणीक मळायला लागली. बेसबॉलचा सीझन एप्रिलमध्ये सुरू होतो, हे तिला पाठ होतं. सीझन तोंडावर आलेला असताना पिचरला, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याला, कोण रजा देतं? आणि रजेवर येणारा माणूस लॉकरवरचा फोटो काढून आणतो होय? पण पंचवीस वर्षांचा मुलगा, सांगायचं तेव्हा सांगेल, म्हणून तिने तोंडाला कुलूप लावलं.

खरं तर तिला स्वतःचीच भीती वाटत होती. मागच्या वर्षी त्याच्या कोपराचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून एक गोष्ट तिला खात होती. हे दुखणं अमेरिकेत नाही, आपल्या मागच्या गार्डनमध्ये सुरू झालं, असं तिला वाटायचं.

कार्डिफचं स्वतःचं जुनं बेसबॉल आहे. त्यात चेंडू खालून टाकतात. अनुप शाळेत पहिल्याच दिवशी वरून फेकून मोकळा झाला आणि असा फेकला, की सरांनी त्याला अमेरिकन पद्धतीच्या क्लबात नेऊन घातलं. क्लब फक्त शनिवार-रविवारी. मधल्या दिवशी त्याचा चेंडू उकिडवं बसून झेलायला कुणीतरी हवं, म्हणजे कॅचर. बाबा, राजेंद्र गजभिये, सॉफ्टवेअरमधले मोठे हुशार. पण चेंडू अंगावर आला की त्यांचे डोळे मिटायचे. त्यांच्याकडे पावसात छत्री धरायचं काम आलं. हॉस्पिटलची ड्यूटी संपवून आलेली सीमा नर्सच्या कपड्यांतच ग्लोव्ह चढवून गवतावर बसायची. नागपूरच्या मैत्रिणींनी हे पाहिलं असतं तर त्या हसून हसून लोळल्या असत्या.

अनुप चौदा वर्षांचा असताना एका चेंडूने तिच्या डाव्या हाताचं एक बोट मोडलं. तिने हूं की चूं केलं नाही. दुसऱ्या दिवशी पट्टी बांधून म्हणाली, कारच्या दारात सापडलं. खरं सांगितलं असतं तर पोराने पुन्हा जोराने चेंडू टाकलाच नसता. बोट वाकडं जुळलं ते जुळलंच.

त्याच उन्हाळ्यात त्याचा चेंडू मऊ, हळू यायला लागला. हात दुखत असणार, असं सीमाने धरलं. पिचर अडचणीत असला की कॅचर उठून त्याच्यापाशी जातो आणि कुणाला ओठ वाचता येऊ नयेत म्हणून ग्लोव्ह तोंडापुढे धरून बोलतो, हे ती क्लबात शिकली होती. गार्डनमध्ये ओठ वाचायला शेजारणीच्या मांजराखेरीज कुणी नव्हतं, तरी ती तस्सं करायची.

"हात दुखतोय का?"

"नाही."

पाच वर्षं हाच प्रश्न आणि हेच उत्तर. पोरगं खोटं बोलतंय असं तिला दर वेळी वाटायचं. तरी दर वेळी ती परत जाऊन बसायची.

एकोणिसाव्या वर्षी तो अमेरिकेतल्या खालच्या लीगमध्ये गेला. पहिल्याच मॅचला कॅचरच्या खुणेवर त्याने आपल्यासारखी मान डोलावली. हो की नाही ते कळेना म्हणून तो बिचारा कॅचर तीनदा चालत आला. ही गोष्ट फोनवर ऐकून सीमा डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली होती. एकेक पायरी चढत तो सर्वांत मोठ्या लीगच्या अगदी खाली पोचला, आणि मग कोपर गेलं.

आता तो घरी होता, आणि सहा वर्षांत पहिल्यांदा बाबासाहेबांच्या जयंतीला हजर. मंडळाचे अध्यक्ष सुखदेवकाका विचारतात थोडेच! सत्कार ठरवून, बॅनर छापूनच ते दारात आले. बॅनरवर 'लवकरच मोठ्या लीगमध्ये' असं लिहिलेलं आणि पिचरच्या हातात, शोभा यावी म्हणून, बॅट चिकटवलेली. अनुप बॅनर बघून कसंनुसं हसला. सीमाला वाटलं, आता सांगेल. त्याने काकांना चहा विचारला.

शनिवारी हॉल भरला. शुभ्र साडीत सीमा पहिल्या रांगेत बसली होती. हे पोर आज शाल घेऊन खोटं बोललं, तर ते खोटं जन्मभर एकटंच वाहत बसेल, असं तिला सारखं वाटत होतं.

"बोल बेटा दोन शब्द," काका शाल हातात धरून म्हणाले. "मोठ्या लीगमध्ये केव्हा जातोस, सांग नं सगळ्यांले!"

अनुप माइकपुढे उभा राहिला आणि त्याची वाचाच बसली. डाव्या हाताने त्याने उजवं कोपर घट्ट धरलं होतं. लोक एकमेकांकडे बघू लागले.

सीमा उठली. आपण काय करतोय याचा विचार न करता सरळ स्टेजवर गेली, पदर तोंडापुढे धरला आणि विचारलं, "हात दुखतोय का?"

या वेळी 'नाही' आलं नाही.

"हो," तो म्हणाला. "खूप दुखते, आई."

"मग झालं आजचं. चल घरी."

"थांब. मी सांगतो." तो माइककडे वळला. "जय भीम. मला टीमने सोडला. मार्चमध्ये. मोठी लीग नाही होणार. मी लीव्हवर नाही... आय'म जस्ट होम."

काकांनी बॅनरकडे पाहिलं, मग अनुपकडे.

"बॅनर आम्ही छापलं, बाबा. तू थोडंच छापलं?" असं म्हणत त्यांनी शाल त्याच्या खांद्यांवर घातली आणि वरून दोनदा थोपटली. टाळ्या पडल्या, त्या लवकर थांबल्या नाहीत.

नंतर दोघं खिरीच्या वाट्या घेऊन कार पार्कमध्ये उभे राहिले. भुरभुर पाऊस लागला होता. अनुपने तिचं वाकडं बोट हातात घेतलं.

"कारचा दार नव्हता नं?"

"कोणी सांगितलं तुला?"

"कोणी नाही. मला आवाज आला होता. देन आय स्टार्टेड थ्रोइंग स्लो. तुझ्यासाठी. तू रोज विचारायची. तेव्हा खरंच दुखत नव्हता, आई. एकदापण नाही."

सीमाला रडू कोसळलं. पाच वर्षांचे ते सगळे 'नाही' खरे होते. काय झालं ते न कळता राजेंद्र हॉलमधून छत्री घेऊन धावत आले आणि नेहमीसारखे दोघांवर धरून स्वतः भिजत उभे राहिले.