सकाळचा आकडा

मित्रांनो, मी एक जुना मापाडी आहे. वाण्याकडची साखर नाही, माणसाच्या रक्तातली मोजतो. बोटाला सुई टोचा, पट्टीवर थेंब टेकवा, पाच म्हणेपर्यंत काचेवर आकडा हजर. कारखान्यातून निघालो तेव्हा चकाचक होतो. आता कोपरा तडकलाय.

माझा मालक सुतार. कामाला चोख. कुठलीही फळी आली की दोन्ही टोकांना मोजायचा. म्हणायचा, "एका टोकावर विश्वास टाकला की दार अडलंच." मला तो पेन्सिलींच्या डब्यात ठेवायचा आणि रोज सकाळी उपाशीपोटी आकडा बघायचा.

"एकशेदहा. आण चहा."

"आकडा सांगताय का पराक्रम?" बायको म्हणायची.

पुढं भुशानं त्याची छाती धरली. डॉक्टरांनी स्टेरॉईडच्या गोळ्या दिल्या, रोज सकाळी नाश्त्यानंतर. बजावलं, "यानं साखर चढते. दुपारी, संध्याकाळीही तपासा. वाढली तर लगेच या. गोळी मात्र मनानं सोडू नका." सुतारानं मान डोलावली आणि जुनीच सवय चालू ठेवली.

धाप थांबली, करवत पुन्हा चालायला लागली. पण जेवण झालं की तांब्यावर तांब्या पाणी, आणि घडीघडी मोरीकडं फेऱ्या.

"अहो, आत्ता मोजा ना एकदा."

"सकाळी एकशेपंधरा आलाय. दुपारी काय वेगळा माणूस होतो मी?"

होत होता. सकाळच्या त्या गोळीनं साखर दुपारी चढायची आणि रात्रभरात उतरायची. सकाळचा माझा आकडा खरा होता, पण तेवढ्यापुरताच. डब्यात पडल्या पडल्या मी त्याची तहान ऐकायचो. थेंब पडल्याशिवाय मला वाचा नाही.

गोळी सुरू झाल्यापासून बाराव्या दिवशी, भर दुपारी, रंधा हातात धरूनच तो कलंडला. बायकोनं त्याच्या बोटाला सुई टोचली. माझी धाव सहाशेपर्यंत. त्याच्यापुढं मला मोजता येत नाही, एवढीच खूण काचेवर उमटली.

त्यानंतर चौथ्या दिवशी ती दवाखान्यातून एकटी परत आली. डबा उघडून माझ्याकडं बघत बसली.

"जन्मभर फळी दोन्ही टोकांना मोजली," ती म्हणाली, "दिवस तेवढा एकाच टोकाला मोजला."

मित्रांनो, तुमच्या घरात कुणाला ही गोळी लागली, तर माझ्यासारख्याला दुपारीही डब्यातून काढा. मी तेव्हाही खरंच सांगितलं असतं. मला कुणी विचारलंच नाही.