खोलीखोलीत नळ

मुलांनी काय शिकायचं, हे मुलं सोडून बाकी सगळ्यांनी ठरवायचं, अशी रीत आपल्यापैकी किती घरांत आहे, ते ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावं. या घरातही तेच चाललं होतं.

मुलगी स्थापत्य अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला होती. वडील त्याच पेशातले, नावाजलेले. विद्यापीठाने यंदा आपल्या शाखेबाहेरचा एक विषय घ्यायची मुभा दिली होती आणि मुलीच्या मनात समाजशास्त्र होतं.

"त्यात करायचं काय असतं?" वडिलांनी जेवता जेवता विचारलं.

"लोकांकडे जायचं, बाबा. ते कसे राहतात ते बघायचं, त्यांचं ऐकायचं."

"म्हणजे गप्पा! त्यापेक्षा काँक्रीटचा जादा विषय घे. इमारत काही गप्पांवर उभी राहत नाही."

"अहो, एकच तर विषय आहे," आई म्हणाली.

"एकेक करतच पोरं भरकटतात."

मुलगी ताटातलं चिवडत बसली. दुसऱ्या दिवशी तिने काँक्रीट घेतलं. विषय बदलायला अजून महिनाअखेरपर्यंत मुदत होती, पण घरात तिने ते सांगितलंसुद्धा नाही.

वडील कठोर होते असं मात्र कुणी समजू नये. त्यांची आई लहानपणीच गेल्यावर त्यांना थोरल्या बहिणीने वाढवलं होतं. ही ताई आता वृद्धांच्या निवासात राहत होती. तिथे पूर्वी मजल्याच्या टोकाला सगळ्यांत मिळून एकच नळ होता. ऐन थंडीत बादली घेऊन रांगेत उभी असलेली ताई पाहून भावाचं काळीज हललं होतं. इमारत नव्याने बांधायची ठरली तेव्हा त्याने हट्टाने ते काम मागून घेतलं. खोलीखोलीत नळ, न्हाणी, स्वयंपाकाचा ओटा! ताईला पुन्हा कुणाच्या मागे उभं राहावं लागू नये, एवढंच त्याला हवं होतं.

त्या रविवारी तो मुलीला घेऊन ताईकडे गेला, तर ताई खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसलेली.

"आत्या, बरं वाटत नाही का?" मुलीने जवळ जाऊन विचारलं.

"रेडिओ गेली गं," ताई म्हणाली.

रेडिओ म्हणजे शेजारच्या खोलीतली बाई. तोंड मिटायची नाही म्हणून सगळ्यांनी तिला ते नाव ठेवलं होतं.

"अरेरे! कधी गेली?" भावाने विचारलं.

"तेच तर कुणाला माहीत नाही. तिसऱ्या दिवशी दार तोडलं. ओट्याजवळ पडली होती. डॉक्टर म्हणाले, लगेच नसेल गेली."

"मधे एक वीत भिंत, आणि मला कळलं नाही रे! मला वाटलं, लेकाकडे गेली असेल. पूर्वी सकाळी नळावर एक जण दिसली नाही की आम्ही भांडायला म्हणून तिचं दार ठोठावायचो. 'महाराणी, उठा, तुमच्यासाठी पाणी थांबणार नाही!' एकदा रेडिओला ताप होता, तो असाच कळला. आता कोण कुणाचं दार ठोठावणार? प्रत्येकीचं पाणी प्रत्येकीच्या घरात."

"ताई, मी तुमच्या सुखासाठी..."

"ते का मला ठाऊक नाही? तुझ्या कामात खोट नाही. नळ गळत नाही, पाणी तुंबत नाही. पण बांधण्याआधी आमच्यातल्या एकीला तरी विचारलंस का, की बायांनो, या नळावर तुम्ही पाण्याखेरीज काय काय करता?"

"असं कुणी विचारतं का, ताई? आम्हाला हे कधी कुणी शिकवलंच नाही."

"मग ही पोर ते शिकायला निघाली होती, मला फोनवर सगळं सांगितलंय तिने, तिला का अडवलंस?"

भाऊ खाली बसला. थोरामोठ्यांसमोर आपल्या इमारतीची तारीफ करणारा तो माणूस बहिणीच्या पायाशी लहान मुलासारखा हुंदके देऊ लागला. ताईने त्याच्या डोक्यावर हात ठेवला, पण 'असू दे' असं काही ती म्हणाली नाही. असू देण्यासारखं ते नव्हतंच.

जिना उतरताना त्याने मुलीला विचारलं, "तो विषय... आता मिळेल का गं?"

"महिनाअखेरपर्यंत बदलता येतो, बाबा."

"उद्याच बदल. आणि नुसता पास होण्यापुरता नको गं, नीट शीक."

वाचकहो, आपलं मूल आपल्या विषयात पारंगत व्हावं, ही इच्छा रास्तच आहे. पण ते ज्या माणसांसाठी राबणार, त्या माणसांची ओळख त्याच्या विषयाच्या पुस्तकात असतेच असं नाही. ती शेजारच्या वर्गात मिळत असेल, तर त्याला त्या वर्गात जाऊ द्या!

मुलीने विषय बदलला. पुढच्या रविवारपासून ती निवासातल्या खोल्याखोल्यांतून फिरू लागली. वडील तिच्या मागे चपला काढून उभे राहत. एका आजींनी दोघांना बराच वेळ न्याहाळलं आणि म्हणाल्या, "आत्ता सुचलं होय विचारायला? बसा. रेडिओ असती तर तिनेच सगळं सांगितलं असतं."