हिरवं रान

गोपाळकृष्ण आगाशे चुकले, ही बातमी नारायण पेठेत विमान पडल्याच्या बातमीपेक्षा जास्त चवीने चघळली गेली. साहजिकच होतं. निवृत्त मास्तर, उभ्या जन्मात कुणाची चूक म्हणून सोडली नाही. रिक्षावाल्याने वळण चुकवलं, लग्नात जिलबी कच्ची राहिली, शेजाऱ्याने जिन्यात चपला काढल्या, की जागच्या जागी ऐकवायचे. आणि सगळ्यात जास्त ऐकलं ते त्यांच्या मुलाने, पुष्करने.

पुष्कर आता चाळिशीचा. कोथरूडला फ्लॅट, कंपनीत मोठा हुद्दा. हौस म्हणून विमान चालवायला शिकला आणि त्या रविवारी क्लबच्या छोट्या विमानातून वडिलांना वर घेऊन गेला. एकदा तरी त्यांच्या तोंडून 'छान' ऐकायचं, एवढीच इच्छा.

मांजरी गावावर आले आणि इंजिन खोकायला लागलं. बंद पडलं नव्हतं, पण अशा वेळी ते पुरतं बंद पडायची वाट बघायची नसते, मोकळी जागा हेरून उतरायचं असतं. पुष्करने हेरली. सपाट, हिरवीगार.

"अरे, तो ऊस आहे," हेडफोनमधून वडील म्हणाले. "तुरे दिसताहेत. पलीकडे काढणी झालेलं रान आहे, तिथे उतर."

तुरे पुष्करलाही दिसले. पण इथे वर येऊनसुद्धा आपलंच चुकतंय म्हटल्यावर त्याचं डोकं फिरलं. "बाबा, निदान इथे तरी मला शिकवू नका!" तो ओरडला आणि हट्टाने विमान हिरव्यात घातलं.

दोन पुरुष उंच उसात चाकं अडकली आणि विमान नाकावर आपटलं. गावकरी कोयत्याने ऊस तोडत आत शिरले. "म्हातारं जितं हाय!" कुणीतरी ओरडलं. पुष्करला नुसतं खरचटलं होतं. वडिलांचा उजवा हात मोडला होता.

"आवो सायेब," शेताचा मालक म्हणाला, "शेजारी मोकळं रान हाय की. उसात कशापायी घातलं?"

पुष्कर वडिलांचा पट्टा सोडवायला वाकला.

"मी सांगितलं त्याला," वडील कण्हत म्हणाले. "मला गवत वाटलं."

आणि पुष्करने ते तसंच राहू दिलं. त्याची त्याला इतकी लाज वाटली, की पुढे कित्येक दिवस घास गोड लागेना.

रोज संध्याकाळी तो पेठेत वडिलांना भेटायला यायचा. रोज कुणी ना कुणी आलेलं असायचं. एके दिवशी श्यामसुंदर काका आले. चाळीस वर्षं आगाशे मास्तरांचे टोमणे खाल्लेले गृहस्थ, आता त्यांची पाळी होती.

"काय गोपाळराव, मंडईत जपून हं. कोथिंबीर म्हणून ऊस आणाल."

वडील प्लास्टरकडे बघत बसले.

"गप्प बसवत नाही ना यांना," आई, कुसुमताई, चहा ठेवत म्हणाल्या. "अहो, मुलगा गेला असता माझा तुमच्या शहाणपणापायी!"

पुष्करला ते सहन होईना. "आई, चूक माझी होती. बाबा ऊसच म्हणाले होते. मी ऐकलं नाही."

काकांचे डोळे भरून आले. "पाहिलंत वहिनी? बापाची लाज राखायला स्वतःवर घेतोय. असा मुलगा मिळायला भाग्य लागतं."

आईने त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

"अहो, खरंच सांगतोय! बाबा, तुम्ही सांगा ना!"

वडिलांनी त्याच्याकडे एकदा पाहिलं. "चहा निवतोय," ते म्हणाले.

त्यांना डाव्या हाताने कप धरता येईना. पुष्करने बशीत चहा ओतून त्यांच्या ओठांशी धरला. बशी कलली आणि निम्मा चहा त्यांच्या पांढऱ्या लेंग्यावर सांडला. मान खाली घालून तो वाट बघत राहिला. एक टोमणा, एखादा शब्द, काहीही चाललं असतं. वडिलांनी उरलेला चहा प्यायला आणि काही बोलले नाहीत.