गुरुवारची बजावणी

शुक्रवारी सूनबाई कोर्टात उभी होती. सोमवारी दुसऱ्या गावच्या इस्पितळात परिचारिका म्हणून हजर व्हायचं होतं, लेकीला बरोबर न्यायचं होतं, आणि त्याला कौटुंबिक न्यायालयाची परवानगी लागत होती. ती आज मिळाली तर मिळाली, नाहीतर पुढची तारीख दोन महिन्यांनी, म्हणजे नोकरी हातची गेलीच! आणि समोर नवरा साळसूद चेहऱ्यानं सांगत होता, "मॅडम, नोटीस मला कालच मिळाली. सात दिवस आधी मिळायला हवी ना?"

माणूस वाईट नव्हता हो, पण टाळाटाळीत त्याचा हात धरणारा कुणी नाही. दाताचं दुखणं त्यानं चार वर्षं पुढे ढकललं होतं आणि संसार मोडला हेही तो तसंच ढकलत होता. नोटीस बजावणारा कोर्टाचा बेलिफ दोनदा बंद दार बघून परत आला. शेवटी हुकूम झाला, की अर्जदार सोडून कुणाही सज्ञान माणसाच्या हातून नोटीस द्या आणि ती कशी दिली याचं प्रतिज्ञापत्र करा. आता हा दार उघडतो कुणाला? फक्त आईला. झालं, सासूबाईंनी कंबर कसली!

सासूबाई तीस वर्षं बसच्या कंडक्टर. तिकीट चुकवणारे प्रवासी त्यांनी उभ्या जन्मात सोडले नाहीत, आणि मिनिटामिनिटाची नोंद ठेवायची सवय हाडीमाशी खिळलेली. कारकून म्हणाला होता, चार ओळी पुरेत. बाईंनी चार पानं सांगितली.

"वाचा," न्यायाधीशबाई म्हणाल्या. कारकून घसा खाकरून वाचू लागला.

"'मागच्या आठवड्यातला गुरुवार, संध्याकाळी सहा बेचाळीस. दार वाजवलं. आत गाणं चालू होतं, बेसूर. सहा चव्वेचाळीस. आई आहे म्हटल्यावर दार उघडलं. कागद बघताच प्रतिवादी न्हाणीघरात पळाला. मी त्याला ओळखते, कारण त्याला मीच जन्म दिला.'"

मागच्या बाकांवर खसखस पिकली. न्यायाधीशबाईंनी पेन ओठांवर आडवं धरलं.

"'सहा एक्कावन्न. प्रतिवादी बाहेर आला. डोक्याला काळा कलप फासलेला होता. नोटीस त्याच्या ओल्या हातात दिली.'"

"साफ खोटं!" नवरा ताडकन उठला. "मी कलप लावत नाही, मॅडम! साबण होता!"

"नोटीस हातात घेताना?"

"हो! साबणच!"

"मागच्या आठवड्यातल्या गुरुवारी?"

"गुरुवारीच! मी दर गुरुवारी डोकं..." आणि नोटीस आठ दिवसांपूर्वीच घेतल्याचं आपण कबूल करून बसलो, हे त्याच्या ध्यानात आलं. कानामागचा काळा डाग मात्र सगळ्या कोर्टाला दिसत होता.

हशा ओसरल्यावर न्यायाधीशबाईंनी विचारलं, "लेकीला नेण्याला हरकत आहे?"

तो खाली बघत म्हणाला, "हरकत कधीच नव्हती. त्या दोघी जाणार, हे कुणाच्या तोंडून ऐकायचं नव्हतं."

"परवानगी दिली," न्यायाधीशबाई म्हणाल्या. सूनबाईनं हसत, रडत, भर कोर्टात सासूबाईंना अशी घट्ट मिठी मारली, की 'शांतता' म्हणायचं कारकुनाला सुचलंच नाही.